तीच तोंडं

७ फेब्रुवारी, शनिवार

दोन गट! मफलरने आज चर्चच्या कॉयरचे चक्क दोन गट केले!

तालीम सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, हा छापील यादी वाटत सुटला. पहिला गट – जमाव. दुसरा गट – प्रार्थना. तरण्याताठ्यांना जमावात टाकलं आणि आम्हा पन्नाशीच्या पुढच्यांना प्रार्थनेत. म्हणे, सारखी पानं उलटायची खडखड वाचेल, आणि बसलेल्यांनाही कळेल कोण कोण आहे. कोण कोण आहे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सात महिने झाले याला बाबांच्या जागी येऊन. हॉलमध्येसुद्धा गळ्याभोवतीचा मफलर सोडत नाही, आणि निघालाय आम्हाला शिकवायला!

यादी चुरगळून पर्समध्ये कोंबली. बोलले असते तर आवाज फाटला असता.

८ फेब्रुवारी

सकाळपासून डोक्यात तेच. लिहून काढते, नाहीतर उद्या दातांच्या लॅबमध्ये कुणाची तरी कवळी वाकडी बनवीन.

तीनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं बरोक शैलीचं संगीत आहे हे. प्रभूच्या दुःखसहनाची कथा, पुरी दोन तासांची. दर वर्षी शुभ शुक्रवारच्या उपासनेत आम्ही ती गातो. कार्यक्रम म्हणून नाही, उपासना म्हणून. त्यात जमाव आहे, ‘मारा त्याला’ म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडणारा. आणि त्या ओरड्याला चिकटून चार-चार ओळींच्या साध्या प्रार्थना आहेत.

बाबांनी चौतीस वर्षं हा कॉयर चालवला. दर वर्षी पहिल्या तालमीला तेच सांगायचे. "लिहिणाऱ्याला माणसांची वानवा नव्हती. दोन कॉयर मागितले असते तर दोन मिळाले असते. तरी त्यानं ओरडायला आणि रडायला तीच तोंडं ठेवली. मध्ये धड श्वास घ्यायलाही जागा नाही ठेवली. का? ज्यानं आत्ता ‘मारा’ म्हटलं त्याच तोंडानं आता प्रार्थना करायची आहे. जमाव बाहेरून आणायचा नसतो. पाळकसाहेबांचा उपदेश कानांसाठी, हा उपदेश घशासाठी. कळलं? मग आल्टोंनो, सूर चढवू नका!" (आल्टो म्हणजे आम्ही, खालच्या पट्टीतल्या बायका.)

याच एका गोष्टीसाठी तो माणूस चौतीस वर्षं झिजला. आणि हा येतो आणि कात्रीने मधोमध कापतो! गेल्या जुलैत बाबांना काढलं तेव्हा वाटलं होतं, काम गेलं, पण केलेलं तरी राहील. आता तेही पुसायला बसलेत.

९ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये टेबलावर कुणाचा साचा यावा? पहिल्या सोप्रानोचा, वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईंचा! वरची कवळी सैल झाली आहे, गाताना टकटक वाजते. हिची आधीची कवळीही माझ्याच हातची. या जबड्याचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे. याच तोंडाने बाई जुलैच्या सभेत म्हणाल्या होत्या, "सरांचा मान राखूनच म्हणते हं, पण आता पुरे." मान राखून!

प्लास्टरच्या त्या जबड्याकडे बघत बसले. शेजारचा कारागीर म्हणाला, "चावणार नाही तो, काम करा." काम केलं. चांगलंच केलं, तेवढ्या कोत्या मनाची मी नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तालमीनंतर खुर्च्या रचताना बासमधला ढोल जवळ आला. (दाढी पोटापर्यंत, आवाज त्याहून खाली.) हळूच म्हणाला, "अगं, तेराच्या तेरा चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा एक निघाली होती ना ‘राहावेत’ म्हणून – ती तुझी, हे माहितीये आम्हाला. पोटची पोर आहेस. तुझा राग कळतो गं."

मी म्हटलं, "कळतो ना, मग माझ्याशी बोलू नकोस."

बिचारा गप खुर्च्या उचलायला लागला. मला बरं वाटलं. नंतर नाही वाटलं.

तो दिवस लिहायचा नाही असं ठरवलं होतं, पण आता निघालाच आहे. बाबांना ऐकू येईनासं झालं होतं. यंत्र लावलं तरी वरचे सूर जात होते. सोप्रानो चुकल्या तर कळायचं नाही, आणि न चुकणाऱ्या आल्टोंवर ओरडायचे. तीनदा उपासनेत भलत्याच ठिकाणी हात खाली आणला. मग पाळकसाहेबांनी सभा घेतली. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या. बारा जणांनी ‘निवृत्ती’ लिहिलं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. निकाल मोठ्यांदा वाचला, यांना पत्ता नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "काय ठरलं?" मी त्यांच्या वहीत लिहून दाखवलं. वाचून म्हणाले, "बरं." आणि उठून दर शनिवारसारखे खुर्च्या रचायला लागले. तेरा माणसं होती खोलीत, एकाचीही नजर वर नव्हती.

शेपूटघालू सगळे!

२१ फेब्रुवारी

झाला एकदाचा स्फोट.

मी मफलरला सरळ म्हटलं, हे गट मोडा. तो शांतपणे म्हणाला (शांत माणसांचा मला जास्त राग येतो), "ताई, गट मी हौसेनं नाही केले. चौघीजणी माझ्याकडे आल्या होत्या. आम्हाला प्रभूला मारा म्हणून ओरडायचं नाही, म्हणाल्या. त्रास होतो."

त्रास होतो! ओरडायला त्रास होतो, आणि चिठ्ठीवर ‘निवृत्ती’ लिहायला पेन अडखळलं नाही! हे मी मनात म्हणणार होते, पण तोंडातून निघून गेलं. मग थांबताच येईना. म्हटलं, "हे सगळ्यांनी ओरडायचं! वेगळा जमाव कुठून आणणार आहात? जमाव म्हणजे आपणच. जुलैमध्ये याच खोलीत होतो, याच खुर्च्यांवर! दोन्ही एकाच तोंडानं गायचं नसेल तर मग गाताच कशाला? तो दोन तास नुसता छान आवाज होईल, उपासना नाही!"

सोप्रानोची कवळी तेवढी टक् झाली. मफलरने हातातली यादी एकदा वाचली. मग ती फाडली. "ठीक आहे. सगळे सगळं गातील. ताई म्हणतात ते मला आधी कळायला हवं होतं."

जिंकले!

१ मार्च, रविवार

दर रविवारसारखी बाबांकडे. मांडीवर त्याच संगीताची जुनी स्वरलिपीची वही, बोट ओळींवरून सरकतंय, ओठ हलतायत. ऐकू येत नाही पण वाचता येतं म्हणतात. त्यांना सगळं ओरडून सांगितलं – गट, यादी, माझं भाषण. हसले. "माझ्यापेक्षा बरं बोललीस."

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, शुभ शुक्रवारी तुम्ही यायचं. पहिल्या रांगेत बसायचं. जुलैपासून तुम्ही त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. बघू दे त्यांना तुमच्याकडे तोंड करून गाऊन!

"मला ऐकू येत नाही, पोरी. येऊन काय करू?"

"नुसतं बसा!"

वही मिटली. "मला तिथं बसवून शिक्षा कुणाला करायची आहे?"

"त्या बाराजणांना!" मी ओरडले. त्यांना ऐकू यावं म्हणून. नाही, खरं तर तेवढ्यासाठी नाही.

त्यांनी वहीत पुन्हा बोट घातलं. आपल्याच वकिलाला गप्प करणाऱ्या अशिलाचं काय करायचं? भांडी घासून निघून आले.

७ मार्च

जमावाचा भाग आज सगळ्यांनी गायला. काय ओरडले मी! मफलर म्हणाला, "आल्टोंकडे बघा, असा राग हवा!" सोप्रानोंनी वळून बघितलं. बघा, बघा.

खोटं कशाला लिहू, मजा आली. कुणाला तरी मारा म्हणून सगळ्यांबरोबर ओरडताना एवढं हलकं वाटतं हे माहीत नव्हतं.

१४ मार्च

जमाव उत्तम. प्रार्थनेत घसरले. सोपी आहे ती, शाळेतली पोरंही गातील. चारच ओळी. त्यात कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. नुसतं कबूल करायचं आहे, की हे माझ्यामुळे झालं. दुसऱ्या ओळीला घसा बंद. खोकल्याचं निमित्त केलं.

२१ मार्च

पुन्हा तेच. नुसतं तोंड हलवलं. ढोलने पाण्याची बाटली पुढे केली. घेतली नाही. मला कुणाची दया नकोय!

२३ मार्च

एका गिऱ्हाइकाचा साचा फोडला. मुद्दाम नाही. मालकीण म्हणाली, "तुमच्या घरी काही झालंय का?" म्हटलं, घरी काय होणार, मी एकटी. जास्तीच्या दोन तासांत नवा ओतला.

२८ मार्च

पाळकसाहेबांनी थांबवून विचारलं, सर येणार का? म्हटलं, कुठल्या तोंडानं विचारताय? ते म्हणाले, "ताई, त्याच. दुसरं आहे कुठं माझ्याकडे?"

या उत्तराचा इतका राग आला की रस्ता चुकले.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार

बाबा आले.

मी सांगितलं म्हणून नाही. कुणालाही न सांगता, बसने, कोट घालून, एकटे. पहिल्या रांगेत नाही, शेवटच्या बाकावर, भिंतीला खेटून. समोरच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही तळहात पालथे ठेवलेले. लाकडातून बासचे सूर लागत असणार. कॉयरमध्ये एकेकाला दिसत गेलं. सोप्रानोचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला गार वाटेल. इतके दिवस याचीच तर वाट बघत होते.

जमाव आला. ओरडलो. चर्च हादरलं. बाबा आमच्याकडे बघत होते, एकेका चेहऱ्याकडे, गायला सुरुवात करायची खूण देताना बघायचे तसे. आणि लगेच, श्वासही पुरा न घेता, प्रार्थना. बाकीच्यांनी सुरू केली. सोप्रानो रडत होती आणि तरी गात होती, कवळी टकटक वाजत होती, तिला पर्वा नव्हती. ढोल गात होता. सगळे जणू बाबांनाच सांगत होते. सांगून मोकळे होत होते! एकटी मी तोंड उघडून उभी. आवाज नाही. चारही ओळी तशाच गेल्या. बाबांनी बघितलं. ऐकू न येणाऱ्या माणसाचे डोळे फार तीक्ष्ण होतात.

लिहून टाकते. आता नाही लिहिलं तर कधीच नाही.

मी ‘निवृत्ती’ लिहिलं होतं.

दर शनिवारी त्यांना घेऊन जायचं, आणायचं, वाटेत त्यांच्या चुका त्यांना कळू न देता त्यांची तारीफ करायची. तरुण पोरी मागे तोंड दाबून हसायच्या. मला बाबांची लाज वाटायची. माझ्या बाबांची! दमले होते मी. वाटलं, बाकीचे ‘राहावेत’च लिहितील, माझ्या एका चिठ्ठीने काय होतंय. नुसतं एकदा कुठे तरी लिहून बघायचं होतं. आणि मग ती एक ‘राहावेत’ निघाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं, आणि मी ते प्रेम घेतलं. कोणी लिहिली असेल ती? ज्याने लिहिली त्याचं श्रेय मी नऊ महिने खाल्लं. त्याचाही मला रागच येतो.

४ एप्रिल

उद्या त्यांना सांगणार. आजच सांगायला हवं. पाय उचलत नाही.

५ एप्रिल, रविवार

सांगितलं. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणाले. मग खिडकी उघडी असताना, शेजारपाजाऱ्यांना कळेल अशा आवाजात, पुन्हा ओरडून सांगावं लागलं – मी तुम्हाला काढलं, बाबा! मी!

शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ती एक चिठ्ठी माझी होती गं. मलाही दिली होती एक. स्वतःलाच मत दिलं मी. मग बाकीच्या बारा कुणाच्या, हे काय मला कळत नाही?"

त्यांना बेल ऐकू येत नाही. दर रविवारी मी यायच्या वेळेला ते खिडकीत येऊन उभे असतात, मला दार उघडायला. नऊ महिने.