लांब आर्म

भिवंडी, मंगळवार, फेब्रुवारी २००६

खाडीच्या तळाशी डाइंगवाल्यांचा, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचा, सांडपाण्याचा चोरटा पाइप आहे. त्याचा स्वच्छ फोटो नसेल तर शुक्रवारी प्रदूषण मंडळापुढच्या सुनावणीत माझे भाषण म्हणजे नुसती तोंडाची वाफ. पाण्याखालच्या कॅमेऱ्याला दिवा जोडायला आखूड, ताठ आर्म, म्हणजे दिव्याचा दांडा, घ्यावा, असे मी आज दुकानात जनार्दनला अर्धा तास पटवत होतो. दिवा जवळ तितका उजेड जास्त, नाही का? फोटो तोच काढणार; डुबी मारून खाडीतली रेती काढण्यात आयुष्य गेलेला तो हसला. "भाऊ, जवलून उजेड मारला का पान्यातली नुसती मातीच चमकते. दिवा लांब, बाजूला पायजे. तुमी कवा उतरलाव पान्यात?"

कधीच नाही. तरी मी पुढे बोलतच होतो. अर्धा तास! शेवटी लांब, दोन सांध्यांचा आर्म घेतला.

सुनावणीत जनार्दननेच बोलावे. मी गप्प बसेन? बसायलाच हवे.