उलटं झाकण

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. बनाआत्यास,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या खतिजाभाभींमार्फत ओरडून सगळं सांगणं मला जमत नाही, म्हणून पत्र. गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपतेस?

मामा तुला एकटीला टाकून गेले, त्याला दोन महिने होतील. त्याच आठवड्यात डेअरीत दूध तपासायचं यंत्र आलं. आता मामांसारखं कॅनचं झाकण उघडून नाकाशी धरायचं नाही. नमुना टाकायचा आणि आकडा वाचायचा. दूध उतरवायच्या धक्क्यावरच्या पाच जणांना त्यावर तयार करायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. महिनाअखेरपर्यंत शिकले नाहीत तर पाचही जण घरी बसणार.

आणि आत्या, गेल्या सोमवारी यंत्रानं चांगलं ठरवलेल्या एका कॅनवर झाकण उलटं ठेवलेलं सापडलं. नासक्या दुधाची ही मामांची खूण. दूध तापवून पाहिलं तर फाटलं. नंतर आणखी तीनदा तसंच झालं. पिराजी म्हणतो की मामा गेलंच न्हाईत, आन् ते हायत तवर यंत्राला हात लावनार न्हाय. बाकीचे चौघे त्याच्याच मागे. सकाळी धक्क्यावर पाय ठेवताना माझ्याही अंगावर काटा येतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी संयोगिता

गडहिंग्लज
८ फेब्रुवारी

चि. संयोगितास,
बनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी घाबरले नाही गं, मला आनंद झाला. कोल्हापूरची खोली सोडून इकडे आले, तेव्हापासून वाटायचं की त्यांना मागे एकटं टाकून आले. ते कामावर आहेत हे आता कळलं. दोन दिवस झाले, पहाटे उठून त्यांच्या कपात चहा ओतते. खतिजाभाभी मला वेडी म्हणते. म्हणू दे.

पिराजीला म्हणावं, हट्ट सोड. मामांनी कधी कुणाच्या पोटावर पाय दिला नाही. आणि जमलं तर त्यांना विचार, पाठ अजून दुखते का. काही कळलं तर लगेच लिही.

जिवाला जप.
तुझी बनाआत्या

कोल्हापूर
१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आत्या, ती झाकणं मीच उलटी केली.

मामांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेलं माझं नाक. त्या सोमवारी दुधाला आंबूस वास आला, आणि यंत्र म्हणालं की दूध चांगलं. साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही, कारण यंत्र आणा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. झाकणाकडे हात आपोआप गेला. सगळे म्हणाले, मामा आले, आणि मी गप्प बसले. पुढची तिन्ही झाकणं माझीच. तुझ्या चहाचं वाचलं आणि पुढे लपवून ठेवता येईना.

काल सगळ्यांना धक्क्यावर उभं करून खरं सांगितलं. मग साहेबांनाही सांगितलं, की यंत्र राहू दे, पण आधी वास घेणं बंद करता येणार नाही. पिराजी मला फाडफाड बोलला, मेलेल्या मानसाच्या नावावर घातलंस व्हय म्हणाला. मग तोच पहिला यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. आता पाचही जण शिकताहेत, नोकऱ्या टिकतील.

पण तुझ्याकडून मामांना मी काढून घेतलं. माफी मागायला हात धजत नाही.

तुझीच,
संयोगिता

गडहिंग्लज
२० फेब्रुवारी

चि. संयोगितास,
आशीर्वाद.

पाच घरं राखलीस, चांगलं केलंस. मी रागावले होते, खोटं कशाला सांगू? दोन दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. खतिजाभाभीला म्हटलं, मी वेडीच, तुझंच खरं होतं, तर तीच रडायला लागली.

चहा मात्र बंद करायला जमत नाही. काल ओतून झाल्यावर आठवलं, की प्यायला कुणी नाही.

एक मागते. त्या चार झाकणांतलं एक तुझं नव्हतं, एवढं लिहून पाठव. खोटं असलं तरी चालेल. कुठलं ते मी विचारणार नाही.

सवडीनं लिही, पण लिही.

तुझी बनाआत्या