करंगळीची खूण

२ जुलै, गुरुवार. संध्याकाळ.
हेडमिस्ट्रेस पुआन रोहानींनी बोलावलं. म्हणाल्या, दर गुरुवारी शाळेचा हॉल पिकलबॉलवाल्या बायकांना हवाय. तुमच्या बॅडमिंटनच्या मुलींची एक तरी जोडी जिल्ह्याच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचली, तर हॉल तुमचा. नाहीतर सॉरी हं, आंटी मोनिका.

मी म्हटलं, सेमीफायनल कसली, कपच आणते.

ज्या हॉलमध्ये आमच्या वेळच्या कोच, नन सिस्टर बर्नार्ड झगा वीतभर वर धरून उंच उडी मारत आणि स्मॅश लगावत, तिथे भोकाभोकाच्या प्लास्टिक चेंडूची टॉक-टॉक? मी असेपर्यंत शक्य नाही. शाळेत असताना आमची डबल्सची जोडी राज्यात दुसरी आली होती. म्हणजे मी त्या जोडीची राखीव खेळाडू होते. पण खेळ खरा कळतो तो बाकावर बसलेल्यालाच.

माझी जोडी: पुई यान आणि इझ्झाती. दोघी तेरा वर्षांच्या. पुई यान उंच, दिसेल त्याला हाणते. इझ्झाती नेटजवळ मांजरीसारखी. एकच अडचण, दोघी बोलत नाहीत. मागे एकदा पुई यानचा स्मॅश इझ्झातीच्या डोक्यात मागून बसला. सॉरी म्हणायचं सोडून ही म्हणाली, तू मधे का तडमडलीस? तेव्हापासून सगळे निरोप माझ्यामार्फत. आंटी, तिला सांगा सरक. आंटी, तिला सांगा तूच सरक. मधे मी, पोस्टमन.

ठराव: १) ओरडायचं नाही. २) जुन्या आठवणी काढायच्या नाहीत.

९ जुलै, गुरुवार.
डबल्स म्हणजे आधी मॅनर्स. सिस्टर बर्नार्डचा नियम शिकवला (ही आठवण नव्हे, हे टेक्निक): शटल दोघींच्या मधे आलं, तर आधी जोडीदाराला संधी द्यावी. मुलींनी अगदी मनावर घेतलं. सगळी शटलं मधोमध पडली. पुई यानने विचारलं, आंटी, आपण मॅच खेळतोय की बसमध्ये म्हाताऱ्यांना जागा देतोय? दुर्लक्ष केलं.

मग आक्रमणात एक पुढे एक मागे, बचावात शेजारी शेजारी, हे प्लेटमध्ये केकचे तुकडे मांडून समजावलं. पुई यानने बचाव खाल्ला.

ओरडले नाही. शेवटचा एक तास सोडून.

१६ जुलै, गुरुवार. दुपारपासून पाऊस, पत्र्यावर नुसता धडधडाट. मलेशियातलं पावसाचं गाव हे, ताइपिंगला दुसरं काय येतं?
पावसामुळे आवाज चढवावा लागला. ते ओरडण्यात धरलेलं नाही.

आज खुणा शिकवल्या. सर्व्हिस करणारीने पाठीमागे हात नेऊन जोडीदाराला बोटं दाखवायची. एक बोट, छोटी सर्व्हिस. दोन बोटं, उंच. मग एकजुटीसाठी दोघींच्या कमरा दोरीउडीच्या दोरीने एकमेकींना बांधल्या. दोघी धाडकन पडल्या आणि पडल्या पडल्या एकदम हसायला लागल्या. कशाला, ते कळलं नाही. मी त्या वेळी शिट्टी शोधत होते, ती माझ्या तोंडातच होती.

सुटताना पाहिलं, तर दोघी सायकल स्टँडजवळ कुजबुजत होत्या! थेट! पोस्टमनशिवाय! दोरीची कमाल. पुआन रोहानींना सांगायला हवं, माझी पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे.

२३ जुलै, गुरुवार.
थक्क झाले. दोघी एकाच अंगाचे दोन हात असल्यासारख्या खेळल्या. एक नवी खूणही काढलीय, करंगळी. मी विचारलं, ही कशाची? इझ्झाती खाली बघत म्हणाली, ही तुमच्यासाठीच आहे, आंटी. डोळे भरून आले. आम्ही सर्व्हिसच्या आधी छातीवर क्रूसाची खूण करायचो, तसंच काहीतरी असणार. पोरी किती नम्र. अंगठा नाही, करंगळी.

एक बारीकशी चूक राहिलीय. मी ‘मागे’ म्हटलं की इझ्झाती पुढे धावते. उत्साहाच्या भरात होत असेल. पॉइंट मिळतो, म्हणून बोलले नाही.

२५ जुलै, शनिवार. स्पर्धा.
जिंकलो!! सेमीफायनल!! हॉल वाचला!!

नीट लिहिते. पहिल्या दोन मॅचेस सहज. क्वार्टरफायनलला तिसरा गेम, आम्ही १८-१४ पुढे. अंपायर म्हणजे कुठल्याशा शाळेचे पीटीचे सर. म्हणाले, आंटी, रॅली चालू असताना कोचने बोलायचं नसतं, तिसऱ्यांदा सांगतोय, आता बाहेर. मला! कॉरिडॉरमध्ये!

मी बाहेर पडताच पोरी गोंधळल्या. दोघी एकाच शटलवर धावल्या, मग दोघीही थांबल्या. १८-१८. पुई यानने अंपायरला हात जोडले: सर, आंटींना आत घ्या ना, त्या ओरडल्याशिवाय आम्हाला काही सुचत नाही. (हे मी खिडकीच्या जाळीतून स्वतः ऐकलं.) सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. पण खिडकीबद्दल नियमात काही नाही. मी बाकावर चढले आणि खिडकीतून जीव खाऊन ओरडले: मागे! उंच मार! सोड! २१-१९.

सेमीफायनलला माझा घसा बसला. हूं की चूं नाही. पोरी धावत जाऊन मधाचं गरम पाणी घेऊन आल्या. प्या आंटी, प्या, आवाज यायलाच पाहिजे, म्हणत होत्या. एवढी माया! आवाज काही आला नाही. सपाटून हरलो. पण अट सेमीफायनलपर्यंतचीच होती, त्यापुढे खेळणं हा नुसता हावरेपणा.

३० जुलै, गुरुवार.
सकाळी सगळ्या शाळेसमोर सत्कार. पुआन रोहानींनी माइक पुई यानकडे दिला. विचारलं, न बोलणाऱ्या दोघींची अशी जोडी जमली कशी?

पुई यान म्हणाली, आमचं कशावरच पटत नव्हतं, मॅडम. मग सायकल स्टँडवर एका गोष्टीवर पटलं. आंटी कायम चुकतात. अधूनमधून नाही, कायम. म्हणून करंगळी. करंगळी दाखवली की आंटी सांगतील त्याच्या बरोब्बर उलटं करायचं. मग दुसरी कुठे असेल, ते न बघता कळतं. शिवाय समोरच्या मुली आंटींचं ऐकतात आणि फसतात.

इझ्झातीने माइक ओढून घेतला. म्हणाली, म्हणूनच त्यांचा आवाज गेला आणि आम्ही हरलो.

पुआन रोहानी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शाळाही. मीही हसल्यासारखं केलं.

दुपारी हॉलमध्ये एकटीच नेट बांधत होते. सिस्टर बर्नार्डही बाकाजवळून सतत ओरडायच्या. त्यांचं आमची जोडी कितपत ऐकायची, ते काही केल्या आठवेना.

तेवढ्यात दोघी आल्या, नेटचं एकेक टोक धरून ताणायला लागल्या. मग पुई यानने घशाच्या गोळ्यांचा डबा पुढे केला. लिंबाच्या. म्हणाली, पुढच्या वर्षीही कोर्टाशेजारीच बसा हं, आंटी. इझ्झाती म्हणाली, आणि प्लीज, सुधारू नका.

दोन्ही ठराव रद्द. नवा एकच: घसा जपायचा.