उंदीर बाप झाले, मी डॉक्टर झाले

केरमान, गुरुवार

परमप्रिय इस्कंदर दायीजान,

तुमची सावली आम्हा भाचरांवरून कधी आखूड न होवो! गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? रफसंजानच्या बागेत यंदा पिस्ते नीट उकलले का, आणि बागेतल्या उंदरांशी तुमचं जे युद्ध चाललंय त्यात सध्या कोणाची सरशी? इकडे सगळे खुशाल. आईचं डोकं दुखतंय, पण ते आनंदाने, कारण तुमची नस्तरन काल डॉक्टर झाली!

विषय तुम्हाला कधी नीट सांगितला नाही, कारण आई शेजारणींना ‘जीवनसत्त्वांवर काहीतरी’ एवढंच सांगायची. खरं म्हणजे रंगात असते त्या पांढऱ्या पुडीचे अतिसूक्ष्म कण पोटात गेले की नर उंदरांचे अंडकोश बिघडतात, आणि ई जीवनसत्त्व दिलं तर वाचतात का, हे मी पाहत होते. (आता आईला भोवळ का यायची ते कळलं असेल.) एका पिंजऱ्याला काहीच नाही, दुसऱ्याला नुसती पूड, तिसऱ्याला पूड आणि वर जीवनसत्त्व. दुसरा बिघडला आणि तिसरा वाचला, तरच माझी डॉक्टरेट आणि तिच्यावर टांगलेली विद्यापीठातली नोकरी.

आणि दुसरा पिंजरा बिघडेचना! तिथले उंदीर पैलवानासारखे टुणटुणीत. मी डोक्याला हात लावला. मग एके दिवशी भुसा झाडताना पिस्त्यांची टरफलं सापडली. तुम्ही प्रेमाने पाठवलेलं पोतं आठवतं? आमचे मार्गदर्शक, डॉक्टर मनूचेहरी, त्यातलेच मूठभर पिस्ते खिशात घालून रोज पिंजऱ्यांपुढून फेरी मारायचे. जाब विचारला तर म्हणतात, “अगं, समोर कोणी असताना एकट्याने कसं खायचं? तिसऱ्याला निदान औषध तरी मिळतं, ह्या बिचाऱ्यांना विचारणारं कोण? मी आपलं रीत म्हणून पुढे केलं!” आपल्यात दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं असतं, ही रीत उंदरांना कोण शिकवणार? त्यांनी पहिल्याच आग्रहाला हात मारला. आणि पिस्त्यात तेच जीवनसत्त्व! माझी वर्षभराची मेहनत तुमच्या पिस्त्यांनी खाल्ली, दायीजान. मी दोन दिवस रडले.

मग नवे उंदीर आणून पहिल्यापासून सुरुवात केली. पिंजऱ्यांना कुलूप लावलं. सर बिचारे व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून पिस्ते खाऊ लागले. आणि या खेपेस दुसरा पिंजरा अगदी शहाण्यासारखा बिघडला, तिसरा वाचला!

काल प्रबंधाची परीक्षा. सभागृहात सगळं खानदान फुलं घेऊन हजर, आईच्या मांडीवर साईच्या मिठाईचा खोका. शिराझहून आलेले परीक्षक शायगानसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “खानुम, तक्ते सुरेख आहेत. पण ह्यांतला कोणी बाप झालाय का?” तिसऱ्या पिंजऱ्यातले काही नर मी कापाकापीतून वाचवून संसाराला लावले होते खरे, पण सकाळपर्यंत घरात पाळणा हललेला नव्हता. सर उठले आणि पिंजराच घेऊन आले. आत भुशात गुलाबी पिल्लांचा नुसता बुजबुजाट!

पुढचं ऐका. आईने मागच्या रांगेतून लग्नात घालतात तशी जीभ नाचवत ललकारी घातली, आणि निकालाची वाट न बघता खोका घेऊन थेट परीक्षकांपुढे उभी राहिली. “बाळंतपणाची मिठाई आहे आगा, नाही म्हणू नका!” ते दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा घेतली. आता जन्माची मिठाई तोंडात असताना नापास कोण करील? पूर्ण गुण, आणि वर दुसरा तुकडा!

तुमच्यावरून जीव ओवाळणारी,
डॉक्टर (हे पहिल्यांदाच लिहिते आहे) नस्तरन

ता. क. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “माझं घर तुझं, बाग तुझी, हवं त्याला पाठव.” ते रीत म्हणून म्हणालात हे मला कळतं. पण मी उंदरांकडून शिकले आहे, पहिल्याच आग्रहाला हो म्हणते.

ता. क. २. हे पत्र आणणाऱ्या अर्दलानच्या हातात टोपली आहे. वरचं फडकं हळू उचला. ज्यांनी मला डॉक्टर केलं त्यांना प्रयोगशाळेत मरायला सोडवेना.

ता. क. ३. नर-माद्या वेगळ्या ठेवायला मी त्याला बजावलं होतं, पण तो तुमचाच भाचा. शिवाय वाटेत मित्रांकडे मुक्काम करत येणार आहे. टोपलीत किती आहेत ते म्हणूनच लिहीत नाही. माझ्या प्रबंधावर माझा पूर्ण विश्वास आहे.