साडेतीन फुटांची शेपटी

२ मार्च, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. काम मोठं असलं की नोंद हवी. पंपांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. नोंदीशिवाय मी खिळासुद्धा ठोकत नाही.

परिस्थिती अशी. ही ऑक्टोबरात आपल्याच दारातल्या पायऱ्यांवरून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन मुलीच्या गावी झालं, तेव्हापासून मुलीकडेच आहे. महिनाभर म्हणून गेली, पाच महिने होत आले. आता चाकांच्या खुर्चीवर असते. डॉक्टर म्हणतात, एप्रिलमध्ये घरी न्यायला हरकत नाही. मुलीने यादी पाठवली आहे: पायऱ्यांवर रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडी, आणि मधल्या पायरीची हलणारी फरशी. एका दिवसाचं काम. फार तर दोन.

खरा प्रश्न गाडीचा आहे. अंतर २४० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज १५.८. हॅचबॅकची पाठ मध्येच कापल्यासारखी संपते. तिथे हवा भोवरे करते आणि गाडीला मागे ओढते. मागे निमुळती शेपटी लावली की हवा गुपचूप निघून जाते. व्हिडिओ पाहिले, सात. अ‍ॅव्हरेज वीसच्या वर जातं.

संकल्प: आधी शेपटी, मग रॅम्प, मग हिला आणणं. क्रम महत्त्वाचा.

४ मार्च

सुतार रॅम्पचं प्लायवूड टाकून गेला. दोन मोठ्या फळ्या, अठरा एमएम. म्हणाला, दादा, माप कधी घेऊ? म्हटलं, माप मी देतो, तू मला माप शिकवू नकोस. तो हसला. सज्जन माणूस, पण हवेचा अभ्यास नाही.

५ मार्च

शेपटीसाठी दुकानात हवी तशी फळी नाही. मागवली तर पंधरा दिवस. इकडे व्हरांड्यात दोन फळ्या नुसत्या उभ्या. रॅम्पला काय, कुठलीही फळी चालते. तात्पुरत्या वापरतो. अठरा एमएम जरा जड आहे, पण जड म्हणजे स्थिर.

९ मार्च, रविवार

गाडीची मापं घेतली. एकूण चौसष्ट. दुपारभर पाठीमागे उकिडवा बसलो होतो. शेजारचे मास्तर कुंपणावरून विचारत होते, काही हरवलं का. कल्पना समजावली. ते म्हणाले, टाकीत पस्तीस लिटर मावतं ना? मग जाऊन येऊन पुरतंच की आत्ताही. गणित शिकवून शिकवून माणूस कोता होतो. म्हटलं, मास्तर, पुरणं वेगळं आणि उरणं वेगळं. ते म्हणाले, वहिनी कधी येतायत? म्हटलं, त्याचीच तर तयारी चालली आहे.

पायऱ्यांचं माप राहिलं. उद्या.

१० मार्च

पायऱ्यांचं माप राहिलं. चढउतार करताना मी आपला डावीकडून पाय टाकतो, त्यामुळे फरशीचा त्रास होत नाही.

१४ मार्च

संध्याकाळी सातला हिचा फोन. रोज सातलाच असतो. शेपटीचं सांगितलं. म्हणाली, गाडीला शेपूट लावा हो हवं तर, तुम्ही घालू नका म्हणजे झालं. फोनवर हिचा आवाज नीट येत नाही.

२३ मार्च, रविवार

मुलीकडे जाऊन आलो. शेपटीच्या आधीचा आकडा नोंदायला हवा होता, तो नोंदला: १५.६. हिलाही भेटलो. वजन कमी झालंय हिचं. गाडीच्या दृष्टीने चांगलंच.

व्यायामाच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, काका, पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते आज शिकून घ्या, घरी तुम्हालाच करायचंय. हात काखेखालून, आपले गुडघे वाकवून, आणि घाबरायचं नाही. मी तयारच होतो. पण तेवढ्यात टायरमधली हवा तपासायची आठवण झाली. हवा कमी असली तर आकडा चुकतो. खाली गेलो. बराच वेळ लागला. वर पाहिलं तर ही खिडकीशी होती. मी हात केला. तिनेही केला.

टायरमध्ये हवा बरोबर होती.

३० मार्च

फळ्या कापल्या. मागे निमुळत्या, बाजूंना बारा अंशांचा उतार. आता माघार नाही. शेपटीची लांबी साडेतीन फूट. कामाचा कणा झाला. आता हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी अवस्था. (मास्तरांना हे वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, इथे शेपूटच तर हत्ती आहे.)

६ एप्रिल, रविवार

शेपटी डिकीच्या दारावर बसवली. देखणी दिसते. डिकी उघडली तर दार वर राहीना. जड म्हणजे स्थिर, पण वर नाही. माझ्या डोक्यावर आदळली. टेंगूळ, किरकोळ.

मुलीचा फोन. बाबा, डॉक्टर म्हणतात वीस तारखेला न्या. रॅम्प झाला का? म्हटलं, फळ्यांचं काम सुरू आहे. खोटं नाही.

१३ एप्रिल

तोडगा. शेपटी वरून दाराला आणि खालून बंपरला, अशी दोन्हीकडे बोल्टने आवळली. आता तसूभर हलत नाही. डिकी उघडत नाही, पण हरकत नाही. डिकीत ठेवायचं असं माझ्याकडे असतंच काय.

हायवेवर चाचणी: १९.२. उतार होता हे मान्य, तरी १९.२! एक ट्रकवाला शेजारून गाडी हळू करून बघत राहिला. त्याने अंगठा दाखवला. किंवा कपाळाला बोट लावलं. लांबून नीट दिसलं नाही.

१८ एप्रिल

रंग देतोय, गाडीचाच चंदेरी. वीस तारखेपर्यंत वाळणार नाही. कच्च्या रंगावर धूळ बसली तर हवा अडखळते. खालच्या बाजूला रंग दिला नाही. खालून कोण बघतंय?

मुलीला कळवलं, पुढचा रविवार. ती म्हणाली, बाबा, आई रोज सकाळी बॅग भरते आणि रात्रीचे कपडे लागतात म्हणून संध्याकाळी परत उघडते. तुम्ही तारीख एकदाच सांगा. मुलगी अलीकडे चिडकी झाली आहे. ऑफिसचा ताण.

२४ एप्रिल

दांडी आणली. बाथरूममध्ये धरून पाहिली. छान दिसते. बसवायला ड्रिल मशीन हवं, ते शेपटीत मोडलं. दांडी सध्या गीझरच्या शेजारी उभी आहे.

सुतार येऊन व्हरांड्यात बघून गेला. फळ्या कुठे गेल्या, दादा? मी गाडीकडे बोट दाखवलं. तो गाडीला एक चक्कर मारून आला. जाताना पायरीवर त्याचा पाय लटपटला. म्हणाला, अजून हलतीय होय ही?

रॅम्प नसला तरी काय, मास्तर आणि मी मिळून हिला खुर्चीसकट उचलून आत घेऊ. तीनच तर पायऱ्या आहेत. मास्तर सत्तरीचे आहेत, पण काटक.

२६ एप्रिल

उद्या. टाकी फुल. काच पुसली. पुढच्या सीटवर हिची उशी ठेवली, कंबरेला टेकायची. घर झाडलं. हिच्या बाजूच्या पलंगावर मी ड्रॉइंगचे कागद ठेवत होतो, ते हलवले. आज जेवताना दोन ताटं काढली, मग एक परत ठेवलं. उत्साह, दुसरं काही नाही.

२७ एप्रिल, रविवार

रात्र होण्याआधीच परत आलो. क्रमाने लिहितो.

सकाळी ११.४० ला पोचलो. ही खाली येऊन बसली होती. खुर्चीत, मांडीवर बॅग. केस नीट विंचरलेले. पायात बूट. सहा महिन्यांत हिच्या पायात बूट पाहिले नव्हते. मुलगी म्हणाली, साडेनऊपासून खाली बसलीय, वर थांबायला तयार नाही.

मी गाडी अशी लावली की शेपटी आधी दिसावी. मुलगी खुर्चीमागे उभी होती. ती म्हणाली, बाबा, डिकी उघडा, आधी बॅग ठेवू, आईला पुढे बसवलं की वर खुर्ची.

मी शेपटीवरची धूळ रुमालाने पुसली.

ती म्हणाली, बाबा, डिकी.

म्हटलं, मागच्या सीटवर घालू. टेप माझ्या खिशात असतोच. आधी खुर्चीचं चाक मोजलं, मग मागचं दार. दार चार इंच कमी. तिरकी घातली तर, उभी घातली तर, असं मी बोलून पाहिलं. माझ्याकडे गाडीची चौसष्ट मापं आहेत. खुर्चीचं एकही नव्हतं.

मुलगी म्हणाली, कापून टाका ते, आत्ता, इथेच. मी म्हटलं, बोल्टचा पाना घरी राहिला. खरंच राहिला होता.

एवढ्यात ही स्वतःच चाकं ढकलत गाडीच्या मागे गेली होती. उभ्या माणसाला शेपटीची वरची बाजू दिसते. खुर्चीत बसलेल्या माणसाला खालची दिसते. मी तिच्याजवळ गेलो, वाकलो. फळीवर सुताराच्या लाल पेन्सिलने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रॅम्प – वहिनींचा. दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून तो लिहितो. मी कापताना ते बरोबर मध्ये आलं होतं, एक अक्षरही तुटलं नव्हतं.

तिने दोनदा वाचलं. मग फळीवर बोटाने टकटक केलं, मडकं तपासतात तसं. चांगली फळी आहे हो, म्हणाली.

मग म्हणाली, फरशी बसवलीत?

म्हटलं, बसवतो. एका दिवसाचं काम.

ती म्हणाली, सप्टेंबरातही एका दिवसाचंच होतं.

मग मुलीला म्हणाली, बॅग वर घे गं. आणि मला म्हणाली, जेवून निघा, उपाशी गाडी चालवू नका. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. वर गेल्यावर मुलीने तिचे बूट काढले. मी पाहत होतो. हात काखेखालून, गुडघे वाकवून. अवघड नसावं.

परतीचा आकडा: २०.३. प्रयोग यशस्वी. गाडीत एकटाच होतो, त्यामुळेही असेल.

२८ एप्रिल

सातला फोन आला नाही.

२९ एप्रिल

सातला फोन आला नाही. मी करू शकलो असतो. रेंज तपासली. होती.

मास्तर कुंपणाशी आले. आपल्या झाडाला पाणी घालत राहिले. एकाच झाडाला, वीस मिनिटं.

२ मे

सुताराला बोलावलं. शेपटी उतरवली. म्हटलं, याच फळ्या रॅम्पला लाव. त्याने त्या पायऱ्यांवर ठेवून दाखवल्या. दादा, तुम्ही निमुळत्या केल्यात. वर एक चाक जाईल, दुसरं जाणार नाही. नवीन आणतो. त्याने पायऱ्यांचं माप घेतलं. मी टेपचं दुसरं टोक धरलं. एवढंच सांगितलं त्याने मला.

जाताना म्हणाला, आधी ती मधली फरशी बसवा. रॅम्पचा पाय तिच्यावरच येणार.

डिकी उघडली. आत हिची छत्री होती आणि किराणाची पिशवी. पिशवीत यादी, हिच्या अक्षरात. शेवटची ओळ: पांढरं सिमेंट, एक किलो.

४ मे, रविवार

फरशी उचकटली. खाली भुगा झाला होता, तो काढला. सिमेंट कालवलं. फरशी बसवली, ठोकली, लेव्हल पाहिली. बाजूचं पुसून घेतलं. घड्याळ दोनदा पाहिलं.

चाळीस मिनिटं. हात धुण्यासकट.

सातला मीच फोन केला. फरशी बसवली, असं सांगितलं. ती बरं म्हणाली. किती वेळ लागला, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.