मोहाच्या खोडावरचा लाल रंग

पवनी, १९७९

शकुन,

हे पत्र टाकायची हिंमत नाही, म्हणून खरं लिहून राहिलो.

"झाडाची चित्रं काढून पोट भरते काय?" म्हणत तू रागानं माहेरी गेली. मी अजून तलावाच्या पाळीवरचा तो म्हातारा मोहच रंगवतो. कुंचल्यातला उरलेला लाल रंग त्याच्याच खोडाले पुसत होतो. बायांले तो शेंदूर वाटला. आता तिथं नारळ फुटतात. शेजारची रंभाबाई मलेच दटावते, "भाऊजी, चप्पल काढा, देव हाये तिथं!"

तू असती तं दोघंही पोट धरून हसलो असतो.

काल पाळीवर कोणी नव्हतं. रंग माहाच, मले माहीत हाये. तरी चप्पल काढली, हात जोडले, अन् तुले मागितलं.

तुहा,
मुरारी