दुसरं तोंड

बाबा, त्या सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि हे दारात बसून चहा पीत होते. टाळेबंदीत दीड महिना बंद पडलेली वरोऱ्याची जिनिंग पुन्हा सुरू होणार होती. तुमचे जावई तिथे कापसाच्या गाठी बांधायचे. मुकादमानं छापील कागद दिला होता. सही करून आणला तरच फाटकाच्या आत. यांना सहीपुरतीच अक्षरं येत, म्हणून मी पिठाचे हात पदराला पुसले आणि कागद वाचायला घेतला. स्वतःच्या मर्जीनं येत आहे, तोंडाला रुमाल बांधीन, इथवर मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ मनातच वाचली. कामावर लागण झाली तर मी किंवा माझे वारस मालकाविरुद्ध कोर्टात जाणार नाहीत.

"झालं?"

"झालं."

"गुरुजीले दाखवू काय एकडाव? तुझे बाबा तसंच करत."

"काऊन? मले वाचता येत नाई काय?"

"येते ना! तू तं आमची वकील," म्हणत हसले आणि सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी.

तुम्ही कोणताही कागद आधी गुरुजींकडून वाचून घ्यायचे, मग किराणावाल्याकडून. दोघांचं जुळलं तरच अंगठा. मी पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता एक तोंड घरात झालं. दुसरं मात्र बाहेरचंच पायजे." तेव्हा मला ते लागलं होतं. त्या सकाळीही तेच लागलं. आणि ओळ ऐकली असती तर हे मुकादमाशी भांडून घरीच बसले असते. घरात बसून ते वाळत चालले होते, ते मला बघवत नव्हतं.

यांच्या बाजूला खोकणारा माणूस होता, त्याला कुणी घरी पाठवलं नाही. तीन आठवड्यांत हे गेले. मी जिनिंगवर गेले तर मुकादमानं कागदाची झेरॉक्स हातात दिली. "सही तुमचीच आहे न, वहिनी?" मी ती घेऊन परतले. रोग कुठून लागला हे कोण सांगणार, असं मालक म्हणतो, तेही खोटं नसेल. पण विचारणारच नाही, हे माणूस जिवंत असतानाच लिहून घ्यायचं?

आज शेजारीण तसाच कागद घेऊन आली. तिचाही नवरा त्याच जिनिंगमधला, त्याच महिन्यात गेलेला. "ताई, वाचून दे." या वेळी मी शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.

"मंग आपल्याले कोर्टात जाताच येत नाई?"

"मी एकच तोंड आहे बाई. दुसऱ्याकडून वाचून घेऊ."

ती गेल्यावर तुम्हाला हे लिहायला बसले. टाकायला पेटी नाही, वाचायला तुम्ही नाही, आणि असतात तरी वाचून दाखवायला मीच लागले असते. ती ओळ मी यांच्यापासून लपवली, हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

एवढं लिहून कागद मिटला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन पहिल्या बसनं चंद्रपूरला गेले, माझी झेरॉक्स तिथल्या एका वकीलबाईंपुढे ठेवली आणि म्हटलं, मोठ्यानं वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत.